उजव्या गिअरचा माणूस

ती घटना आजही आठवते, असं लिहिलं आणि थांबलो. आठवते हा शब्द जरा सौम्य झाला. खरं म्हणजे ती टोचते. सेवानिवृत्त पोलीस अधिकारी आठवणी सांगायला बसला की तो कुठंच चुकलेला नसतो, हे वाचकांना आता पाठ झालं असेल. मी चुकलो होतो. आणि मूर्खपणानं नव्हे, हुशारीनं चुकलो होतो. ते जास्त वाईट.

तेव्हा मी शहराच्या उत्तर भागातल्या एका ठाण्याचा पोलीस निरीक्षक होतो. हर्सूलचा तलाव आमच्याच हद्दीत. थंडीचे दिवस होते. सकाळी सहा-सव्वासहाच्या सुमारास तलावाजवळच्या वळणावर एका मोटारसायकलनं एका बाईंना उडवलं. बाई पन्नाशीच्या, एका शाळेत पोरांची खिचडी शिजवायच्या कामाला. रोज त्याच वाटेनं पायी जायच्या. धडक बसल्यावर गाडी आडवी झाली. चालवणारा उठला, गाडी उचलली, बाई रस्त्याकडेच्या चारीत पडलेल्या बघितल्या आणि निघून गेला. बाई बेशुद्ध. मांडी मोडलेली, डोक्याला मार. सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आत्ताच काही सांगता येणार नाही.

बघणारी एकच होती. वळणावर पेरूची पाटी लावणारी म्हातारी. मी घटनास्थळी पोहोचलो तेव्हा ती पेरू निवडता निवडताच बोलत होती.

"हेल्मेट घातलेलं होतं साहेब, तोंड नाय दिसलं. अंगात मोठं जाकिट. त्यानं बाईला बघितलं, मला दिसलं की त्यानं बघितलं. पण गाडी थांबायच्या जागी केकाटली. लई मोठ्यानं केकाटली, अन् मंग धडकली."

केकाटली, हे मी टिपून घेतलं. पंचनामा करताना रस्त्यावर ब्रेकची खूण शोधली. टायर घासल्याची एक रेघही नव्हती. माणसानं बाई बघितली, गाडीनं आवाज केला, पण ब्रेक लागला नाही. हे काही जमत नव्हतं.

अकराच्या सुमाराला आमच्या पथकाच्या हवालदाराचा फोन आला. हवालदार मूळचा सोयगावचा, नोकरीत मुरलेला. त्याच्या खबऱ्यानं सांगितलं होतं की शहागंजच्या बाजूला एका गल्लीत जुन्या मोटारसायकलींचं गॅरेज आहे. तिथं सकाळपासून एक कोरी गाडी ताडपत्रीखाली झाकून ठेवलीय, आणि तिचा इंडिकेटर फुटलेला आहे. जुन्या गाड्यांच्या गॅरेजात कोरी गाडी, तीही झाकलेली. आम्ही दोन वाहनं घेऊन गेलो. भर बाजाराची वेळ होती.

गॅरेजचे मालक म्हणजे साठी ओलांडलेले एक मुसलमान मिस्त्री. सगळी गल्ली त्यांना उस्ताद म्हणायची. आजूबाजूला पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या गाड्यांची इंजिनं उघडून ठेवलेली. ताडपत्री काढली. गाडीची उजवी बाजू घासलेली, उजवा इंडिकेटर फुटलेला, आणि त्याच्या फटीत लुगड्याचा धागा अडकलेला. तो धागा बघितल्यावर माझं डोकं तापलं.

"गाडी कोणाची?"

"शेठची, साहेब. सकाळी सात बजे खुद घेऊन आले. बोलले, कुत्रं आडवं आलं, इंडिकेटर बदलून टाक. अन् ताडपत्री घाल, धूळ नको बसाया."

हे शेठ म्हणजे मूळचे देवगाव रंगारीचे बागाईतदार, आता शहरात घर केलेले. साठीला टेकलेले, चार लोकांत मान असलेले. त्यांना फोन लावला. ते म्हणाले, "मी दोन दिवसांपासून शेतावर हाय साहेब. गाडी तर तीन दिवस झाले, मिस्त्रीकडं सर्व्हिसिंगला टाकलीय."

एकाचा शब्द विरुद्ध दुसऱ्याचा. मिस्त्रींना भर गल्लीतून, सगळ्यांदेखत, ठाण्यात आणलं. आता खरं सांगतो, मी बागाईतदाराचा शब्द तपासलाच नाही. मिस्त्रीचा मात्र तपासला, आणि तोही त्यांच्या विरोधात जाईल अशाच रीतीनं.

कारण बाराच्या सुमाराला मोटार वाहन निरीक्षक गाडी तपासून गेले. गाडीचे ब्रेक उत्तम होते. गाडी उजव्या अंगावर पडलेली, म्हणजे डावी बाजू शाबूत हवी. पण डाव्या पायाचा गिअर वरून दाबल्यासारखा खाली वाकला होता. ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना आठवत असेल, पूर्वीच्या डगडग करणाऱ्या गाड्यांना गिअर उजव्या पायाला असे आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला. आताच्या गाड्यांना बरोबर उलटं. आयुष्यभर जुन्या गाडीवर बसलेला माणूस नव्या गाडीवर घाबरला तर काय करील? डावा पाय दाणकन दाबील. त्याला वाटेल ब्रेक लागला. प्रत्यक्षात गिअर खाली पडेल, इंजिन किंचाळेल आणि गाडी जाईल तशीच पुढं. म्हातारीचं "केकाटली" जुळलं. ब्रेकची खूण नाही, तेही जुळलं. वाकलेला गिअर जुळला.

मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, हा जुन्या गाड्यांचा माणूस आहे. आणि जुन्या गाड्यांचा माणूस तर माझ्या समोरच्या बाकावर बसला होता. वरिष्ठांना फोनवर सांगितलं तेव्हा तेही म्हणाले, वा. पोलिसाला वरून वा आलं की त्याचे कान बंद होतात. माझे झाले.

बाहेर फाटकाशी माणसं जमायला लागली होती. बाईंचे नातेवाईक, त्यांच्या वस्तीतले लोक, आणि ज्यांचा काही संबंध नाही तेही. फोनवर मेसेज फिरू लागले. बाईंचं नाव एका समाजाचं, मिस्त्रींचं दुसऱ्या. आमच्या शहरात एवढं पुरतं. अजामीनपात्र कलम लावा, अशी घोषणा सुरू झाली. जखमीला चारीत टाकून पळाला म्हणून सदोष मनुष्यवधाच्या प्रयत्नाचं कलम लावता येतं, असं मी मनाशी ठरवलं आणि लावलं. अटकेची नोंद दुपारी एकला स्टेशन डायरीत झाली. म्हणजे दुसऱ्या दिवशी एकच्या आत आरोपीला न्यायालयात हजर करायचं होतं.

बाईंचा मुलगा आत आला. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात कामाला होता, अंगात अजून तिथलेच कपडे. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "साहेब, हाच होता का? मला खरं सांगा. कोणीही नको मला, खरा पाहिजे."

"हाच," मी म्हणालो.

त्या एका शब्दाची मला आजही लाज वाटते.

संध्याकाळी चौकशी सुरू केली. हात उगारला नाही, पण तोंड सोडलं. हवालदार तर हात शिवशिवत असल्यासारखा दारात उभा. "लई साळसूद दिसतंय साहेब. दोन वाजवल्या की बोलंल."

मिस्त्री एकच गोष्ट पुन:पुन्हा सांगत होते. गाडी सकाळी सातला आली. शेठ घेऊन आले. मी माझा सिद्धांत त्यांच्यापुढं मांडला, अगदी पायाची हालचाल करून दाखवली. मला वाटलं, आता हा कोसळणार. ते मात्र सरळ बसले. पहिल्यांदा माझ्या डोळ्यात बघितलं.

"पाय दाबला, हे तुम्ही बरोबर वळखलं साहेब. कमाल वळखलं. पण पाय कुणाचा, ते नाय वळखलं."

मला ते उद्धट वाटलं. कोठडीत पाठवून दिलं.

सकाळी आठला मी ठाण्यात आलो. दवाखान्यातून निरोप होता, बाईंची तब्येत रात्रभर खालीवर होत होती. म्हणजे कलम बदलायची पाळीही येऊ शकत होती. एवढ्यात हवालदार त्याच्या गाडीवरून आवारात शिरला. त्याच्याकडं सासऱ्यानं दिलेली उजव्या गिअरची जुनी गाडी होती. सगळं ठाणं तिला हसायचं. गाडी येण्याआधी आवाज यायचा आणि गेल्यावर धूर राहायचा. कोठडीच्या गजाआडून मिस्त्री म्हणाले, "हवालदारसाब, टॅपेट ढिले हायेत. अन् तेल कधी बदललं होतं? काळं झालं असंल. इंजिन आतून रडतंय तुमचं."

हवालदार खजील होऊन म्हणाला, "दीड साल झालं असंल, उस्ताद." आदल्या संध्याकाळी दोन वाजवायला निघालेला माणूस सकाळी उस्ताद म्हणत होता.

मला हसू आलं नाही. आयुष्य धोक्यात असताना ज्याला परक्या इंजिनाची दया येते, तो माणूस बाईला चारीत टाकून जाईल? हा पुरावा नव्हे, हे मला कळत होतं. पण आदल्या दिवशी माझ्याकडं जे होतं, तेही पुरावा कुठं होता?

मी त्यांना बाहेर काढायला सांगितलं. "पाय कुणाचा, ते सांगा."

ते म्हणाले, "सांगत नाय, दाखवतो. दोन गाड्या द्या. एक ही हवालदारसाबची, एक नवी."

आमच्या एका शिपायाकडं अपघातातल्या गाडीसारखीच नवी गाडी होती. ती आणली. आवाराचं फाटक बंद केलं. आरोपीला मोटारसायकलवर बसवायचं म्हणजे माझी नोकरी पणाला लावण्यासारखं होतं, पण तोवर माझं मन स्वस्थ बसायला तयार नव्हतं. हवालदाराला बाजूला घेऊन सांगितलं, तू वाट्टेल तेव्हा अचानक आडवा ये.

मिस्त्री आधी जुन्या गाडीवर बसले. हँडलवरच्या ॲमीटरचा, म्हणजे विजेच्या मापाचा, काटा मध्यावर येईपर्यंत किक हळू दाबली, मग एकदाच मारली. आमच्या हवालदाराला रोज सात-आठ लागायच्या. एक फेरी, दुसरी फेरी, हवालदार इमारतीच्या कोपऱ्यामागून पुढं उडी मारून आला. डावा पाय दाबला गेला, गाडी जागच्या जागी थांबली. मग नवी गाडी. हवालदार पुन्हा आडवा. या वेळी उजवा पाय. पुन्हा जुनी, पुन्हा नवी. सहा वेळा आम्ही त्यांना फसवायला बघितलं. पाय एकदाही चुकला नाही.

उतरल्यावर त्यांना दम लागला होता.

"मी दिवसाला धा गाड्यांवर बसतो साहेब. जुनी, नवी, सरकारी, कसलीबी. बसायच्या आधी माझा पाय विचारतो, तू कोण? ज्यानं चाळीस साल एकच गाडी चालवली ना, त्याचा पाय विचारत नाय. त्याचा पाय मालक असतो."

"आणि तुमचे शेठ?"

"चाळीस साल एकच. माझ्याच हातची. आता गुडघा दुखतो, किक बसत नाय, म्हणून पोरीनं बटनवाली घ्यायला लावली. मी म्हणलं होतं त्यांना. शेठ, जुनी ठेवा नाय तर नवी ठेवा. जुनी ठेवली तर मी हाय, किक मारायला माणूस ठेवा. नवी घेतली तर जुनी विकून टाका, नाय तर वर्षभर माझ्याकडं पडू द्या. दोन्ही चालवू नका, पाय फसवंल. ऐकलं नाय. नवी बाजारात न्यायची, जुनी मन करंल तवा."

"हे काल का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं, गाडी कुणाची. तुम्ही विचारलं, बाईला का मारलं. हे कुणी विचारलं?"

मी दोन कामं लावली. एक पथक मध्यवर्ती बसस्थानकावर पाठवलं. सकाळी सातला गाडी गॅरेजात टाकून माणूस शेतावर पोहोचला असेल, तर गेला कशानं? आणि बागाईतदारांना जबाब घ्यायचा म्हणून साडेदहाला ठाण्यात बोलावलं.

ते आले. पांढरा सदरा, शांत चेहरा. मी चहा मागवला आणि गाडीचा विषय काढला. माणसाला गुन्ह्याबद्दल विचारलं की तो सावध होतो, आवडीच्या वस्तूबद्दल विचारलं की मोकळा होतो. जुन्या गाडीचं नाव काढताच गृहस्थ फुलले. दर दोन हजार किलोमीटरला तेल, पॉइंट साफ, पावसाळ्याआधी मॅग्नेटोत पाणी जाऊ नये म्हणून काय करायचं. "नवीला काय हाय साहेब? नुसतं बटन. काय बिघडलं ते आपल्याला कळत नाय, काँप्युटर लावून बघत्यात. जुनी बोलती. नवी नुसती चालती."

"नवी फार चालवली नाही म्हणता?"

"नाय. घेतली, अन् मिस्त्रीला दिली."

मी त्यांना आवारात नेलं. शिपायाची नवी गाडी मधल्या स्टँडवर उभी होती, इंजिन बंद. म्हटलं, आरशाची उंची मोजायचीय, जरा बसता का? ते बसले. दोन्ही पाय आपापल्या जागी गेले. हवालदार टेप घेऊन आरशापाशी वाकला. मी त्यांच्या मागं उभा राहून गुडघ्याचं दुखणं विचारत राहिलो. ते सांगत होते, कोणत्या डॉक्टरनं काय म्हटलं. आणि मधेच मी ओरडलो, "अहो, समोर बाई!"

खट्ट आवाज झाला. डाव्या पायाचा गिअर खाली पडला होता.

ते स्वत:च्या डाव्या पायाकडं बघत राहिले. पाय अजून दाबलेलाच होता.

एवढ्यावर कोर्टात काही सिद्ध होत नाही, आणि पोलिसांपुढची कबुली टिकत नाही, हे मला सांगायला नको. पण पंधरा मिनिटांत बसस्थानकावरच्या कॅमेऱ्यातलं चित्र शिपायाच्या फोनवर आलं. आदल्या सकाळची साडेसातची गाडी. जाड जाकिट घातलेले बागाईतदार कन्नडकडच्या एसटीत चढताना दिसत होते. काखेत हेल्मेट. एसटीनं प्रवास करणारा माणूस हेल्मेट कशाला बाळगील?

मी फोन त्यांच्यापुढं धरला. ते जमिनीवरच बसले. रडत रडत म्हणाले, "मी ब्रेकच दाबला साहेब. देवाशपथ ब्रेकच दाबला." मग शेतावरच्या गोदामातून हेल्मेट, जाकिट आणि बूट त्यांनीच पंचांसमक्ष काढून दिले. हेल्मेटची उजवी बाजू घासलेली होती.

मी विचारलं, "चाळीस वर्षं तुमच्या गाडीला हात लावणारा मिस्त्री. त्याचं नाव कसं घेववलं?"

त्यांनी डोळे पुसले. "त्यानं उडवलं, असं मी कुठं म्हणलं? तुम्ही विचारलं, गाडी कवापासून हाय. मी म्हणलं, तीन दिवस, अन् मी शेतावर. तेवढंच खोटं बोललो. बाकीचं तुम्हीच जुळवलं."

ते वाक्य मी माझ्या डायरीत जसंच्या तसं उतरवून घेतलं.

बाईंच्या मुलाला बोलावून सांगितलं. तो म्हणाला, "मग काल हाच कसं म्हणाला होता तुम्ही?" चौथ्या दिवशी त्याची आई शुद्धीवर आली. पुढं पाय कायमचा आखूड झाला, पण ती वाचली. बागाईतदारांवर रीतसर दोषारोपपत्र गेलं. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, कौशल्यपूर्ण तपास म्हणून. मी ते कात्रण जपून ठेवलं नाही.

मिस्त्रींना कोठडीतून बाहेर काढलं त्याच दिवशी एक वाजायच्या आत त्यांना मुचलक्यावर सोडलं. कागदावर सही घेताना त्यांनी विचारलं, "यात काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं: पुरेसा पुरावा उपलब्ध नसल्याने.

"म्हणजे मी केलं नाय, असं लिवलंय का?"

तसं लिहायला त्या नमुन्यात जागा नव्हती. मी म्हटलं, अर्थ तोच होतो. त्यांनी सही केली, पण मला कळत होतं की अर्थ तोच होत नाही. पुराव्याअभावी सुटला, हे वाक्य आमच्याकडं लोक कसं वाचतात ते मला माहीत होतं.

महिन्याभरानं हवालदारानं सांगितलं, उस्तादांकडं गिऱ्हाईक येईना. शेजारचे दुकानदार तोंडावर काही बोलत नाहीत, पण पोरांना तिकडं पाठवत नाहीत. मी सुटीच्या दिवशी साध्या कपड्यांत गेलो. ते एक कार्ब्युरेटर धुवत बसले होते. मी स्टूल ओढून जवळ बसलो आणि हळू आवाजात म्हणालो, "उस्ताद, माझी चूक झाली. तुम्ही काही केलं नव्हतं."

त्यांनी मान वर केली नाही.

"हे मला कशाला सांगता साहेब? मला तर माहीतच हाय. ह्यांना सांगा." आणि पेट्रोलनं ओला झालेला हात गल्लीकडं केला.

एकतीस वर्षांच्या नोकरीत मी दंगलीसमोर उभा राहिलो आहे. लाउडस्पीकरवरून हजारोंना घरी जायला सांगितलं आहे. पण त्या दिवशी गॅरेजच्या पायरीवर उभं राहणं त्याहून अवघड गेलं. समोरचा किराणावाला, शिंपी, बांगडीवाला, सगळे बघत होते. मी कोण, ते ओळखत होते. मी मोठ्यानं सांगितलं की या माणसानं काही केलं नव्हतं, आणि मी त्यांना चुकीनं धरून नेलं होतं. दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा आवाज फुटलाच नाही.

या प्रकरणानं मला गुन्हेगार ओळखायला शिकवलं, असं म्हणणार नाही. ते कोणालाच पुरतं येत नाही. मी एवढंच शिकलो की आपला तर्क फार सुंदर जुळला की तिथंच थांबून दुसऱ्या माणसाला विचारावं. आणि अटकेच्या नोंदीवर सही करण्याआधी मनात एक प्रश्न विचारायची सवय लावून घेतली: उद्या हा निर्दोष निघाला, तर मला हे कोणाकोणाला जाऊन सांगावं लागेल? त्या दिवशी गल्लीतल्या सात-आठ जणांनी माझं ऐकलं. उस्तादांना धरून नेलं तेव्हा बघायला दोनशे माणसं होती.